उरलेल्या अठरा कविता

'मागच्या बाकावरची' अशी सही करून एका वाचक बाईंनी चार पानांचं पत्र पाठवलंय. जागेसाठी मी ते कापलं आहे. कापलेल्या भागात बहुतेक स्वतःला दिलेले दोषच होते, त्यामुळे फार काही हुकलेलं नाही.

"ताई, मी बावन्न वर्षांची, बँकेत नोकरीला आहे. बी.ए.ला मराठी घेतलं ते एका सरांमुळे. सर शिकवायचे, कविता लिहायचे आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांत कामंही करायचे. वर्गात कविता म्हणायची वेळ आली की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. कविता पाठच असायची, आणि आमचे चेहरे स्पष्ट दिसले की लय मोडते म्हणायचे. मार्चमध्ये सर गेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आम्ही माजी विद्यार्थी स्मरणिका काढतोय आणि 'तू बरं लिहितेस' म्हणून मुख्य लेख माझ्या गळ्यात पडलाय. नऊ वेळा लिहिला, नऊ वेळा फाडला. वाचला की वाटतं, हा कुणाच्याही सरांवरचा लेख आहे.

दुसरं म्हणजे, शेवटची आठ वर्षं मी त्यांना भेटले नाही. दोन तासांच्या अंतरावर राहते मी. आजारपणानंतर त्यांनी स्वतः फोन केला होता, बोलणं जड झालं होतं. मी म्हटलं, सुट्टीत येते. गेले नाही.

तिसरं कुणालाच ठाऊक नाही. १९९४ साली टी.वाय.ची परीक्षा झाल्यावर सरांनी मला त्यांच्या कवितांची निळी वही दिली होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून फेअर करायला. एकेचाळीस कविता. तेवीस उतरवल्या, मग नोकरी लागली, लग्न झालं. त्यांनी कधी मागितली नाही, मी कधी दिली नाही. आता ग्रुपवर वहीचं बोलले तर सगळे म्हणतील, छापूया. पण खरं सांगू? त्यातल्या निम्म्या कविता मला चांगल्या वाटत नाहीत. आणि नाटकात सर फार मोठ्यानं बोलायचे. एकदा मी विंगेत प्रॉम्प्टिंगला होते. प्रयोग संपल्यावर मेकअप पुसता पुसता त्यांनी विचारलं, 'आज जरा जास्तच झालं का गं?' मी म्हटलं, 'नाही सर.' हे सगळं लेखात लिहायचं का? की गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं?"

प्रिय मागच्या बाकावरच्या बाई,

तुम्ही तीन गोष्टी वेगवेगळ्या करून मांडल्यात, पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला त्या एकाच दोऱ्यात गुंतलेल्या दिसल्या. लेख जमत नाही असं तुम्ही म्हणता. लेख तुम्हाला जमेल. मधे वही येते आहे. ती कपाटात ठेवून (कुठे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अशा वह्या नेहमी न नेसलेल्या साड्यांच्या खाली असतात) तुम्ही बाहेरच्या खोलीत बसता आणि 'सरांच्या ऋणातून उतराई होणे अशक्य' असलं काहीतरी लिहायला जाता. हात थांबतो. थांबायलाच हवा. उतराई होण्याचं जे एकमेव काम सरांनी तुम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, ते अजून अठरा कवितांइतकं शिल्लक आहे.

तर लेख सध्या बाजूला ठेवा आणि त्या अठरा कविता आधी उतरवून काढा.

हातानं, शाईनं. मोबाइलवर टाइप करून नाही. रोज दोन केल्या तर नऊ दिवसांचं काम आहे, म्हणजे तुम्ही फाडलेल्या लेखांपैकी प्रत्येकामागे एक दिवस. हे मी प्रायश्चित्त म्हणून सांगत नाही. कविता वाचताना डोळा पुढे पळतो, हातानं उतरवताना त्याला पळता येत नाही. कुठला शब्द नुसता भरीला घातलाय, कुठे ओळ अचानक जिवंत झालीय, हे पेन थांबतं तिथे कळतं. निम्म्या कविता चांगल्या नाहीत हे तुमचं मत केव्हाचं आहे? एकविसाव्या वर्षाचं, की कधीतरी रात्री वही चाळून परत ठेवली तेव्हाचं? अठरा कविता तर तुम्ही अजून नीट वाचलेल्याही नाहीत असा माझा संशय आहे. वाचल्या असत्या तर एखादीचा तरी उल्लेख पत्रात आला असता.

उतरवताना एक पथ्य पाळा: सरांना सुधारू नका. तुम्ही बँकेतल्या, चूक दिसली की हात शिवशिवणार. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते म्हणजे शाळेत शिकले ते जुन्या शुद्धलेखनानं. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्या पिढीच्या कित्येकांच्या हातून 'कांहीं' आणि 'नांव' मात्र पुढेही सुटलं नाही. वहीत तसे अनुस्वार असतील तर असू द्या, ते त्यांच्या हाताचं वळण आहे. वृत्तातली कविता असेल तर आणखी जपा. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ किंवा दीर्घाच्या जागी ऱ्हस्व दिसलं की चूक समजण्याआधी अक्षरं मोजा. भुजंगप्रयाताची ओळ बारा अक्षरांची, लगागा (एक लघु, दोन गुरू) चार वेळा. मंदाक्रांतेची सतरा, आणि त्यात थांबण्याच्या जागा ठरलेल्या: चारावर, मग सहावर, मग उरलेली सात. शार्दूलविक्रीडिताची एकोणीस, बारावर थांबायचं. हे तुम्ही सरांकडूनच शिकला असाल, मी फक्त धूळ झटकते आहे. वृत्तासाठी कवीनं केलेली ओढाताण ही त्यानं भरलेली किंमत असते, ती आपण परत करायची नसते. खोडलेले शब्दही वाचता आले तर समासात पेन्सिलीनं लिहून ठेवा. कवीनं काय टाकून दिलं हे कित्येकदा त्यानं काय ठेवलं याच्याइतकंच बोलकं असतं.

वहीच्या कागदाबद्दल दोन शब्द, कारण तीस वर्षांत या बाबतीत लोकांनी केलेले अत्याचार मी पाहिले आहेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांनी पट्टी सुटते, गोंद राहतो आणि त्याखाली कागद तपकिरी होतो. लॅमिनेशनचा विचारही नको. पिना गंजल्या असतील तर पानं न ओढता पिना हलक्या हातानं उघडून काढा. उतरवायला बसण्याआधी दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी वाटणारी पानं आणि कव्हरची आतली बाजूसुद्धा. कवी लोक कव्हरच्या आत काय काय लिहून ठेवतात! ग्रुपमधल्या कुणाकडे सरांच्या काव्यवाचनाची कॅसेट असेल तर त्यांना आजच सांगा, ती लावून ऐकत बसू नका. आधी तिच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे कान मोडा म्हणजे चुकून काही टेप होणार नाही, आणि मग ज्याला हे काम येतं त्याच्याकडून पहिल्याच खेपेला डिजिटल प्रत करून घ्या. जुनी फीत दर वेळी वाजताना थोडी झिजते, आणि ती अडकून तुटली तर सरांचा आवाज गेला.

आता वही कुणाची, हा प्रश्न. तुम्ही तो विचारलेला नाही, पण पत्रभर तोच आहे. कागद तीस वर्षं तुमच्याकडे आहे म्हणून तो तुमचा होत नाही. त्यांनी फेअर करायला दिली होती, भेट दिली नव्हती. समजा भेट दिली असती, तरी कविता तुमच्या झाल्या नसत्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो सहीनिशी लेखी द्यावा लागतो. कवी गेल्यावर हक्क वारसांकडे जातो आणि साधारणपणे निधनानंतर साठ वर्षं टिकतो. जे लेखन निधनानंतर प्रथमच छापलं जातं त्याची साठ वर्षं छपाईपासून मोजतात. म्हणजे 'आपल्या सरांच्या कविता आहेत, आपण छापूया' हे ग्रुपवर अंगठे दाखवून ठरवण्यासारखं काम नाही. सरांच्या पत्नी आहेत, मुलं असतील. त्यांची लेखी संमती लागेल. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी, ज्या बाईंनी चाळीस-पन्नास वर्षं त्या कवितांच्या शेजारी संसार केला, त्यांना त्या कविता छापून आल्यावर कळाव्यात हे बरं दिसत नाही.

म्हणून ग्रुपवर अजून काही बोलू नका. आधी काकूंकडे जा.

फोन करून जा. वहीचं फोनवर सांगू नका, फोनवर फक्त 'यायचंय' एवढंच. गेल्यावर मूळ वही त्यांच्या हातात द्या, झेरॉक्स नाही. तुमची फेअर केलेली वहीही द्या, पूर्ण एकेचाळीस कवितांची. काय बोलायचं याची तालीम करून जाऊ नका. 'सरांनी हे काम दिलं होतं, उशीर झाला' एवढं वाक्य पुरतं. त्यात सगळं येतं, वहीचंही आणि न आलेल्या सुट्टीचंही. काकू रागावतील का? रागावतीलही. कदाचित ही वही त्यांनी घरभर शोधली असेल. तसं झालं तर ऐकून घ्या, आणि नोकरी-लग्नाची यादी सांगू नका. ती त्यांनाही पाठ असते, कारण प्रत्येक विद्यार्थी तीच सांगतो.

न भेटल्याची टोचणी तुमच्या पत्रात फार जागा अडवून आहे, म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट लिहिते. सर वाट पाहत नसतील हो, असं म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. जड झालेल्या जिभेनं माणूस फोन करतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. तुम्ही गेला नाहीत, हे झालं. पण ही गोष्ट लेखात नेऊ नका. 'मी किती करंटी' हा परिच्छेद स्मरणिकेच्या प्रत्येक तिसऱ्या लेखात असतो, आणि तो वाचताना वाचक सरांना सोडून लेखकाकडे पाहायला लागतो. कित्येकदा लेखकाला तेच हवंही असतं. तुम्हाला ते नकोय, म्हणून तर नऊ वेळा फाडलात. माफी काकूंसमोर मागा. ती छापायची वस्तू नाही.

निम्म्या कविता चांगल्या नाहीत, हे तुम्ही गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलंय. अहो, निम्म्या चांगल्या नाहीत म्हणजे निम्म्या चांगल्या आहेत! एकेचाळीसातल्या वीस! मी आयुष्यभर कवितासंग्रह वाचत आलेय, हे प्रमाण ज्यांना मिळतं ते कवी मला दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. खरी अडचण वेगळीच आहे. माजी विद्यार्थी पुस्तक काढतात तेव्हा ते प्रेमापोटी सगळंच छापतात, आणि वीस चांगल्या कविता एकवीस बेतास बात कवितांखाली गुदमरतात. प्रस्तावना कुणा मोठ्या पाहुण्याची, मधे सत्कारांचे फोटो, शेवटी देणगीदारांची नावं. असं पुस्तक समारंभाच्या दिवशी सगळे घरी नेतात आणि कुणी वाचत नाही.

आपल्याकडे कवी गेल्यावर दुसऱ्यानं कविता उजेडात आणल्याची उदाहरणं कमी नाहीत. केशवसुत शाळामास्तर होते, १९०५ मध्ये गेले, आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक नंतर निघालं ते हरि नारायण आपट्यांच्या खटपटीनं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या तोंडून आलेल्या ओव्या घरातल्या पोरांनी उतरवून ठेवल्या होत्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, मुलगा सोपानदेव, जे स्वतः कवी होते, ते लिखाण आचार्य अत्र्यांकडे घेऊन गेले आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. माझं लक्ष मात्र नेहमी उतरवून ठेवणाऱ्या हातांकडे जातं. त्यांनी ते चोपड्यांत लिहून ठेवलं नसतं तर अत्र्यांसमोर ठेवायला काही उरलंच नसतं. तुमचे सर बहिणाबाई आहेत असं मी म्हणत नाही, तुम्हीही लेखात म्हणू नका. तुम्ही मात्र त्या उतरवून ठेवणाऱ्यांच्या जातीतल्या आहात. फक्त फार सावकाश.

काकूंनी होकार दिला तर पंधरा कवितांची छोटी पुस्तिका करा. निवड दोघांनी करा, तिसरा माणूस घेऊ नका. एक निकष सुचवते: जी कविता उतरवताना सरांच्या आवाजात ऐकू आली ती ठेवा. जी नुसती कागदावर राहिली ती मूळ वहीत सुरक्षित आहेच, तिचं काही बिघडत नाही. सरांच्या काही कविता दिवाळी अंकांत किंवा कॉलेजच्या वार्षिकात छापून आल्या असतील तर तो पाठ वहीशी ताडून बघा. छापील रूप बहुधा नंतरचं असतं, म्हणजे सरांनी स्वतः केलेली सुधारणा. पुस्तिका रीतसर पुस्तक म्हणून काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो, अर्ज तेवढा करावा लागतो. आणि १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते, शिवाय आणखी तीन ग्रंथालयांना, त्यात मुंबईचं टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. हौशी मंडळी हे करत नाहीत. तुम्ही करा. टपालखर्च सोडला तर काही लागत नाही, आणि सरांच्या कविता एका मोठ्या इमारतीत कपाटावर उभ्या राहतात.

काकूंनी नकार दिला तर विषय संपला. त्यामागचं कारण विचारू नका.

आता लेख. एकदा मीही माझ्या बाईंवर असाच लेख लिहिला होता. 'व्यासंगी', 'ऋजू', 'विद्यार्थिप्रिय', 'बहुआयामी', काही म्हणून सोडलं नव्हतं. छापून आला, चार जणांनी छान म्हटलं. मग बाईंच्या बहिणीचा फोन आला. म्हणाल्या, "लेख चांगला उतरलाय गं, पण माझी बहीण त्यात कुठल्या ओळीत आहे?" मी पुन्हा वाचला तर खरोखरच नव्हती. बाई शिकवताना खडूचे तुकडे पदराच्या टोकाला बांधून ठेवायच्या, संपत आला की गाठ सोडून नवा काढायच्या, आणि हे मला लिहिताना आठवत असूनही मी लिहिलं नव्हतं, कारण ते लेखाच्या मानानं हलकं वाटलं.

तुमच्या पत्रात चष्मा आहे. कविता म्हणायच्या आधी सर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे, हे वाक्य तुम्ही ओळख करून देताना सहज लिहून टाकलंत आणि पुढे गेलात. तिथून लेख सुरू करा. त्याच्या आधी 'शिक्षक म्हणजे समाजाचा शिल्पकार' नको, त्यांची जन्मतारीखही नको, ती चौकटीत येईल. चष्मा, टेबल, आणि मग कुठली कविता होती, कुठल्या शब्दावर ते थांबायचे, थांबल्यावर वर्गात काय व्हायचं. मागच्या बाकावरून काय दिसायचं? चष्म्याविना त्यांना तुम्ही दिसत नव्हता, तुम्हाला मात्र ते दिसत होते. असा चेहरा शिक्षक विद्यार्थ्याला सहसा दाखवत नाही. एवढ्यावर दोन परिच्छेद होतील. सरांनी तुम्हाला काय दिलं हे सांगूच नका. सरांनी काय केलं ते सांगत राहा.

राहता राहिलं नाटक. शिक्षकांनी रंगमंचावर जाणं आपल्याकडे नवं नाही. वसंत बापट प्राध्यापक, कवी, आणि सेवा दलाच्या कलापथकात रमलेले. मधुकर तोरडमल इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि नावामागचं 'प्रा.' नाटकाच्या जाहिरातीतही राहिलं. पण ही मोठी नावं झाली. राज्य नाट्य स्पर्धेची सगळी गाडीच मुळात मास्तर, पोस्टातले, बँकेतले, वीज मंडळातले अशा माणसांनी ओढली आहे. दिवसा नोकरी, रात्री तालमी, शाळेच्या हॉलमध्ये, आणि शेवटी एक प्रयोग. एका प्रयोगासाठी दोन महिने! तुमच्या सरांनी हे किती वर्षं केलं ते ग्रुपमधून शोधून काढा आणि लेखात आकडा लिहा. 'नाट्यवेडे' या शब्दापेक्षा तो आकडा चांगला.

ते मोठ्यानं बोलायचे हे लिहायचं का? लिहा. आधी मात्र ते का बोलायचे याचा विचार करा. वर्षानुवर्षं शंभर पोरांच्या वर्गात माइकशिवाय शिकवलेला आवाज असतो तो. त्याला सवयच असते शेवटच्या बाकापर्यंत जायची. रंगमंचावर तोच आवाज समोरच्या नटाशी हळू बोलायचं विसरतो आणि प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेला शिकवायला लागतो. परीक्षक तिथे गुण कापतात आणि बरोबर कापतात. पण शेवटच्या बाकावर कोण बसायचं, ते तुमच्या सहीतच आहे.

गेलेल्या माणसाबद्दल काय लिहावं आणि काय नाही याला माझ्यापुरती एक साधी कसोटी आहे: त्या माणसासमोर, तो चहा पीत असताना, आपण हे बोललो असतो का? मोठ्यानं बोलण्याचं तुम्ही बोलला असता. त्यांनी तर स्वतः विचारलं होतं. मेकअप पुसता पुसता, अर्ध्या चेहऱ्यावर रंग असताना, एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला 'आज जरा जास्तच झालं का गं?' असं विचारणारा माणूस केवढा साधा आणि केवढा धास्तावलेला असेल. स्वतःच्या कामाबद्दल इतका खरा प्रश्न शिक्षकानं विद्यार्थ्याला विचारलेला मी फार कमी ऐकलाय. तुम्ही 'नाही सर' म्हणालात. त्या वयात, त्या क्षणी, दुसरं काय म्हणणार होता? आता लेख लिहिताय तर तो प्रसंग जसाच्या तसा लिहा, आणि मग खरं उत्तर द्या. हो सर, जरा जास्तच झालं होतं. त्याच्यापुढे तुम्हाला जे सुचेल ते सुचू द्या. माझ्या मते लेखाचा शेवट तिथेच कुठेतरी आहे, पण तो मी ठरवून दिला तर दहाव्यांदा फाडाल.

लांबी आठशे शब्द पुरे. छापायला देण्याआधी काकूंना वाचून दाखवा, पाठवू नका, वाचून दाखवा. त्यांनी एखादं वाक्य काढायला सांगितलं तर वाद न घालता काढा. कसली परीक्षा आहे का ही?

आणि स्मरणसभेचं एक. अशा सभांत बारा जण बोलतात आणि बाराही जण 'दोनच शब्द' म्हणून सुरू करतात. तुमच्या हातात असेल तर चारच जण ठेवा आणि मधे सरांच्या तीन कविता होऊ द्या. म्हणायला ग्रुपमधला तो हमखास खर्जातला आवाज घेऊ नका, प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. सध्या कॉलेजात शिकणारं एखादं पोर घ्या, ज्यानं सरांना कधी पाहिलेलं नाही. त्याला कविता पाठ करायला सांगा. ते एखाद्या ओळीत अडकेलच, वृत्तातली कविता असेल तर नक्की अडकेल. तुम्ही विंगेत उभ्या राहा, काकूंकडून तेवढ्यापुरती मागून घेतलेली तुमच्या अक्षरातली वही हातात धरून. प्रॉम्प्टिंग तुम्हाला येतं. पहिले दोनच शब्द सांगायचे, हळू, आणि बाकीची ओळ त्याच्यावर सोडायची. जाताना वाचायचा चष्मा न्या. विंगेत उजेड कमी असतो.